भिंतीतली गोरी आई

सुज्ञ वाचकहो, एका पित्याच्या अंतःकरणाची व्यथा येथे नम्रपणे कथन करतो.

एसटी चालविणारी सावळी हौसा वारल्यावर तिच्या नवऱ्याने, निवृत्तीने, एका कंपनीची, मृतांचे बोलते चित्र दाखविणारी स्मरणभिंत फुकट बसवून घेतली. भिंतीत हौसा हुबेहूब बोले. मोबदल्यात कंपनी तिच्याकडून गोरेपणाच्या क्रीमच्या नि पिठाच्या जाहिराती करवी. हळूहळू ती गोरी झाली आणि तिच्या हाती लाटणे आले.

वर्षश्राद्धाच्या पोळ्या लाटणाऱ्या निवृत्तीला चिमुरडी सुली म्हणाली, "बाबा, आईसारख्या गोल लाटा की!"

"अगं, आई एसटी चालवायची. पोळ्या मीच लाटायचो."

"काहीतरीच! बायका कुठं एसटी चालवतात? आईलाच विचारते."

भिंतीतली हौसा गोड हसली. "खरंय गं बाळा, मी पोळ्याच करायचे."

नैवेद्याचे पान कोणासमोर ठेवावे, हे त्या अभाग्यास उमजेना.

वाचनाची तसदी घेतल्याबद्दल आपला ऋणी,
सोपान गेणू शेलार