पत्र्यावरचे दोन तळहात

बांबूची काठी. अंगठ्याएवढी जाड, हातभर लांब.

एक वहाण, सरळ पडलेली. दुसरी सापडत नव्हती.

कोंडीबाचं नेहमीचं बोलणं: "चालत्या मोटारीला हात लावू न्हाय. उभ्या मोटारीला लावावा."

धुळीने भरलेल्या पत्र्यावर उजव्या हाताचे दोन ठसे. शेजारी शेजारी. बोटं फाकलेली.

सोलापूर, मे महिना, दुपारचा एक.

कोंडीबाला कडुलिंबाखाली निजवलं होतं. त्याच्याच पटक्याने तोंड झाकलं होतं. सारजाबाई नवऱ्याच्या पायाशी बसली होती. एका हाताने तिने धुळाचं मनगट धरलं होतं. धुळा तिचा एकुलता एक मुलगा. ती अजून रडली नव्हती.

मोटारअड्ड्यावर त्या वेळी उतारू नेणाऱ्या दोनच सर्व्हिस मोटारी होत्या. एक धुळाची, एक इसूफची. दोन्हींच्या पाठी एकमेकींकडे. दोन्हींचे मागचे पत्रे आता चेपले होते; कोंडीबा त्यांच्यामध्ये चिरडला होता. मोटार मागे घेताना ड्रायव्हरला मागचं दिसत नसे. म्हणून कोंडीबा मागे उभा राहून पत्र्यावर थाप द्यायचा. एक थाप, ये. दोन थापा, थांब. सात वर्षांत अड्ड्यावर कुणाचा दिवासुद्धा फुटला नव्हता.

फौजदार दोन्ही मोटारींभोवती एक फेरी मारून आला. ज्याची चूक त्याचं लायसन जाणार होतं, आणि तो आजच तुरुंगात जाणार होता.

"मी मागं येत हुतो," धुळा म्हणाला. "एक थाप आली. मग काय आलं न्हाय. आबानं थांब म्हणलंच न्हाय, साहेब."

"आणि इसूफची मोटार?"

"म्हाईत न्हाय. माजं इंजिन चालू हुतं. काय ऐकू येत न्हाय."

"ती उभी असेल," फौजदार म्हणाला, "तर बापाला तू मारलंस."

सारजाबाईने मान वर केली. मुलाकडे पाहिलं. दारात कुणी परका येऊन उभा राहिल्यावर पाहावं तसं. मनगटावरची तिची बोटं हळूहळू सुटू लागली.

फौजदाराला ठसे दिसले ते इसूफच्या मोटारीवर. तो वाकला. त्याने बोटाने मोजले.

"दोन. म्हणजे थांब. कोंडीबा थांब म्हणाला तो या मोटारीला."

पुढे जाऊन त्याने बॉनेटवर हात ठेवला आणि चटकन उचलला. "तापलंय अजून."

ऊन सगळ्यावरच होतं. हापशाच्या दांड्यालाही हात लावता येत नव्हता.

"इसूफ, तूही मागे येत होतास?"

इसूफ आपल्या मोटारीच्या पायरीवर बसला होता. सहा वर्षं लोकांच्या मोटारी धुतल्यावर त्याला लायसन मिळालं होतं. ते ठेवायला रशीदाने, त्याच्या बायकोने, सदऱ्याला आतून खिसा शिवून दिला होता. तो सारजाबाईकडे पाहत राहिला. ती मुलाकडेच पाहत होती. तिचा हात आता मोकळा होता.

"व्हय, साहेब," इसूफ म्हणाला. "मीच आलो मागं. थापा ऐकल्या. पाय ब्रेकवर गेला न्हाय."

सारजाबाई उठली. सावकाश चालत त्याच्यापुढे आली.

"मुडद्या, माज्या हातची भाकर खाल्लीस की रं."

"व्हय, मावशी."

"ह्येंच्या शेजारी बसून खाल्लीस."

"व्हय."

तिने त्याच्या तोंडात मारली. मग ती वळली, धुळाला छातीशी ओढलं, आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.

इसूफने सदऱ्यात हात घालून लायसन काढलं. फौजदाराने ते न उघडताच हवालदाराकडे दिलं. दोघे त्याला घेऊन निघाले. आईच्या खांद्यावरून धुळाने तोंड उघडलं. त्याची नजर पत्र्यावरच्या ठशांवर गेली. मग त्याने डोळे मिटून आईच्या खांद्यात तोंड खुपसलं.

त्या दिवशी पंपावर संध्याकाळपर्यंत पेट्रोल येणार नव्हतं, म्हणून सकाळी दहा वाजता धुळा इसूफकडे गॅलनभर मागायला गेला होता. इसूफने बांबूची काठी टाकीत तळापर्यंत घातली आणि काढून धुळाच्या हातात दिली. काठी कोरडी होती.