रॅग्लन बाही

"हा शब्द कोठला, तो एकदा सांगा की," असं म्हणत अंबुजाबाईंनी विणकामाचा इंग्रजी कागद नवऱ्याच्या चष्म्यासमोर धरला. "कालपासून विचारते आहे. बाहीपाशी येऊन अडले मी."

राघोत्तमरावांनी वाचलं. रॅग्लन बाही.

दूर दक्षिणेत, वेस्ट मांबलममधल्या त्या दोन खोल्यांत जानेवारीतही दुपारी पंखा लागे, आणि अंबुजाबाई घामेजल्या बोटांनी लोकर विणत बसत. लढाई सुरू झाली तेव्हा गल्लीतल्या सगळ्या बायका जवानांसाठी विणायला शिकल्या होत्या. जन्मात कधी स्वेटर घातला नाही अशा बायका. हा स्वेटर मात्र त्यांच्या स्वतःच्या मुलासाठी, गुरुराजसाठी होता. तो सरहद्दीवर जखमी होऊन उत्तरेतल्या लष्करी इस्पितळात पडून होता.

अकरा दिवसांपूर्वी त्याचं पत्र आलं होतं. इंग्रजीत, तिथल्या नर्सच्या अक्षरात, वरच्या कोपऱ्यात शाई फिसकटलेलं. राघोत्तमरावांनी ते बायकोला मराठी करून वाचून दाखवलं. जखम भरत आली आहे, ताप आहे म्हणून दुसऱ्याकडून लिहवतो, काळजी नसावी. मधली दोन वाक्यं त्यांनी गिळली. उजवा हात कापावा लागला. अम्माला सांगू नका, आल्यावर मी सांगेन.

चाळीस वर्षांच्या संसारात ते बायकोशी पहिल्यांदाच खोटं बोलले होते, आणि ते एकदा बोलून भागत नव्हतं. रोज दोन्ही वेळा पानावर बसलं की नव्यानं बोलावं लागे.

म्हणून शब्द विचारल्यावर त्यांना बरंच वाटलं. तेहतीस वर्षं त्यांनी शाळेत इंग्रजी शिकवलं होतं, वर इतिहासही. शब्द समोर आला की त्याचा कीस काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आधी अर्थ, मग मूळ. वर्गातली पोरं बिचारी घंटेकडे कान लावून बसत. त्यांनी जाडजूड डिक्शनरी मांडीवर घेतली आणि कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज मोकळा झाला.

"अर्थ असा, की या बाहीला खांद्यावर जोड नसतो. काखेतून निघते ती तिरकी थेट गळ्यापर्यंत जाते. सैल असते."

"सरी. समजलं," म्हणून अंबुजाबाईंनी सुया उचलल्या.

तिथंच थांबले असते तर निभावलं असतं. पण अर्थ झाला होता, मूळ राहिलं होतं.

"मूळही ऐक. हे एका लाटसाहेबाचं नाव. क्रायमियाच्या लढाईत तो इंग्रजांचा सेनापती होता." डिक्शनरीत एवढंच होतं. पुढचं त्यांना वर्गात सांगून सांगून पाठ झालं होतं. "आता त्याला असली बाही का लागली म्हणतात, तर तरुणपणी वॉटर्लूच्या लढाईत त्याचा..."

जीभ थांबली, पण उशिरा.

"त्याचा काय?"

"काही नाही. जुनी गोष्ट आहे."

"सांगा की. शब्द अर्धा सोडत नाही तुम्ही."

"हात गेला," राघोत्तमराव म्हणाले.

"कोठला?"

तोही त्यांना ठाऊक होता. शेकडो पोरांना सांगितला होता. त्यांनी उगाच दोन पानं उलटली. "इथं दिलेलं नाही."

"उजवा," अंबुजाबाई म्हणाल्या.

त्यांनी दचकून वर पाहिलं. अंबुजाबाईंनी सुया लोकरीच्या गुंड्यात खोचल्या, उठल्या, आणि देवाच्या फळीवरचं ते पत्र आणून उघड्या डिक्शनरीवर ठेवलं. मग वरच्या कोपऱ्यावर बोट टेकलं.

"खालचं तुम्ही वाचलंत. मजला इंग्लिश येत नाही, मी एवढंच वाचते. वर श्री घातल्यावाचून कधी पत्र लिहिलं आहे त्यानं?"

राघोत्तमरावांनी कागद डोळ्यांजवळ नेला. शाई फिसकटलेली नव्हती. तो श्री होता. वेडावाकडा, कलंडलेला, वेलांटी एकीकडे आणि काना दुसरीकडे.

"विजयादशमीला तांदळाच्या ताटात तुम्हीच त्याचं बोट धरून गिरवून घेतला होतात," अंबुजाबाई म्हणाल्या. "चार वर्षांचा होता. मग बोट सोडलंत, तेव्हा त्याला असाच आला होता. नुसता ताप असता तर हात असा वळला असता का हो? हा डाव्या हातानं काढला आहे. अकरा दिवस वाट बघते आहे, तुम्ही कधी बोलता म्हणून."

जन्मभर हजारो वह्या तपासल्या आणि पोटच्या पोराचं एक अक्षर ओळखता आलं नाही, याची राघोत्तमरावांना भयंकर लाज वाटली. आता खोटं बोलावं लागणार नाही म्हणून बरंही वाटलं, आणि बरं वाटलं याची आणखी लाज वाटली. ते चष्मा काढून रडू लागले.

अंबुजाबाईंनी त्यांना रडू दिलं. मग पदरानं स्वतःचं तोंड पुसलं आणि सुया हातात घेतल्या.

"एवढं सांगा. ही बाही त्याची त्याला डाव्या हातानं चढवता येईल?"

"येईल," राघोत्तमराव कसेबसे म्हणाले. "सैल असते."

"मग उजवीच आधी विणायला घेते," अंबुजाबाई म्हणाल्या, आणि टाके घालू लागल्या.