दम धरून भरलेली बाटली

निरीक्षकाने बाटलीची तोटी उघडली आणि श्वास रोखून तसाच उभा राहिला. बाटलीत डोंगरावरची कोरी हवा हवी. माणसाचा श्वास लागला की नमुना बाद. दम्याच्या माणसाला हे काम म्हणजे शिक्षाच. आधी तो कॅप्सूलची भुकटी ओढून भागवायचा. आता डॉक्टरने फवाऱ्याचा पंप दिला होता. बाटलीशेजारी उभं राहून दोन फवारे मारले की छाती तेवढ्यापुरती ऐकायची.

हवा इतकी स्वच्छ, की वर्षानुवर्षं प्रदूषणाचा आकडा हलला नव्हता. अखेर वरच्यांनाच कंटाळा आला. हवा तपासणारं हे केंद्र या महिन्यात बंद होणार होतं आणि त्याची बदली घरच्या गावी. बायकोने फोनवर बजावलं होतं, "या वेळी आला नाहीत ना, तर तिथलाच एखादा दगड बघा आणि संसार थाटा."

तेवढ्यात साहेब प्रयोगशाळेचा कागद नाचवत जीपमधून उतरले.

"सापडलं! फ्रीजमध्ये भरतात ना, तो वायू, तुझ्या बाटल्यांत चौपट! दरीत कुणीतरी चोरून कारखाना चालवतंय. आता पाच वर्षं केंद्र हलत नाही. तुझी बदली रद्द! खूश?"

निरीक्षकाने खिशातून पंप काढला आणि दोन फवारे मारले.

जीपगाड्यांनी दरी पिंजून काढली. कारखाना काही मिळाला नाही. एक फ्रीज मिळाला. त्यात एका म्हातारीच्या कोंबड्या अंड्यांवर बसल्या होत्या.

दरी तुडवून आलेला निरीक्षक धापा टाकत पायरीवर टेकला. फवारा मारता मारता त्याची नजर डबीवरच्या बारीक अक्षरांवर गेली. औषध बाहेर ढकलायला आत एक वायू भरलेला होता. तोच वायू.

कितीतरी दिवसांनी त्याला हसू आलं. तो तडक आत गेला आणि पंप टेबलावर ठेवला.

"साहेब, तुमचा कारखाना माझ्या खिशात होता. चूक माझी. तसं वर कळवा आणि मला घरी जाऊ द्या."

साहेबांनी पंप उलटसुलट करून पाहिला. खिडकीबाहेर नव्या यंत्रांची खोकी उतरत होती. साहेब उठले. दार लावून घेतलं. पंप स्वतःच्या हाताने निरीक्षकाच्या खिशात ठेवला आणि वरून थोपटला.

"तब्येत आधी रे बाबा," ते मायेने म्हणाले. "फवारा चुकवत जाऊ नकोस."