त्या दिवशीची हजेरी

“बाई, पंखा बंद करते हं. त्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये फार येते.”

“कर बाई. घामाचा आवाज येत नाही ना तुझ्या त्या यंत्रात?”

बडबडी हसली. हे नाव बाईंनीच तिला दुसरीत असताना ठेवलं होतं. आता ती तेवीस वर्षांची होती. गेल्या आठवड्यात पदवीचा निकाल लागला आणि तिनं पॉडकास्ट सुरू करायचं ठरवलं. जुने, न उलगडलेले गुन्हे. एका भागात एक. पहिला गुन्हा तिनं घरातलाच निवडला.

पाठ्यपुस्तकांच्या चळतीवर तिनं मोबाइल ठेवला, बाईंच्या गळ्यापाशी इवलासा माइक अडकवला आणि बोलायला सुरुवात केली.

“सोळा वर्षांपूर्वी पहिलीतली एक मुलगी शाळेतून घरी आलीच नाही. तीन दिवसांनी ती सापडली, पण तोंडातून शब्द फुटेना. आईवडील तिला घेऊन दुसऱ्या गावी निघून गेले. तिला कुणी नेलं होतं, ते कधीच कळलं नाही. संशय मात्र एकाच माणसावर राहिला. शाळेची व्हॅन चालवणाऱ्या माझ्या बाबांवर.”

पुरावा नव्हता, म्हणून पोलिसांनी त्यांना सोडून दिलं. पण त्यांच्या व्हॅनमध्ये पुन्हा कुणी आपलं मूल बसवलं नाही. आता ते एका गोदामात खोकी उचलत. वाटेत खेळणारी मुलं दिसली की पलीकडच्या बाजूनं जात.

“बाबा सांगत होते, ती सकाळी तिच्या घराच्या फाटकाशी उभीच नव्हती. पण रजिस्टरमध्ये तिची हजेरी होती. म्हणजे ती शाळेत पोचली आणि संध्याकाळी परतताना बाबांच्या व्हॅनमधून नाहीशी झाली, असा सगळ्यांनी अर्थ लावला. बाई, तुम्ही तिच्या वर्गशिक्षिका होतात. ती त्या दिवशी वर्गात होती?”

उत्तर येत असेल तर घाबरायचं नाही, हात वर करायचा, असं बाईंनी आयुष्यभर मुलांना शिकवलं होतं. त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

“नव्हती,” त्या म्हणाल्या.

रेकॉर्डिंग चालू आहे ना, ते बडबडीनं वाकून पाहिलं.

“बावन्न मुलं होती वर्गात. रोज येणाऱ्यांची नावं मी घेतसुद्धा नसे. मान खाली घालून हजेरी लावत सुटायची. तिचा वर्षभरात एक खाडा नव्हता. पेन आपलं चालत गेलं. दुसऱ्या दिवशी शुद्धलेखनाच्या वह्या तपासायला बसले, आदल्या दिवशी गोळा केलेल्या. त्यांत तिची वही नव्हती. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तोवर रजिस्टर पोलिसांनी नेलं होतं. म्हटलं, उद्या सांगू. मग परवा. आधी नोकरीची भीती वाटली, आणि पुढं इतके दिवस गप्प बसल्याचीच लाज.”

त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला. त्याच महिन्यात त्यांनी बडबडीला घरी शिकायला बोलावलं होतं. रोज दीड तास, फी न घेता, थेट पदवीपर्यंत. तिचे बाबा तिला दारापर्यंत सोडत, बाईंकडे बघून हसत आणि उंबऱ्यावरूनच परत फिरत.

“यातला एक शब्दही कापू नकोस,” बाई म्हणाल्या. “सगळ्यांना ऐकू दे. पण तुझ्या बाबांना आधी मी सांगणार. आजच, त्यांच्यासमोर बसून. त्यांना काय वाटेल गं?”

बडबडीनं पालथ्या हातानं डोळे पुसले.

“बाई, रजिस्टर चुकलंय हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? आठवीत असताना मी तुम्हाला विचारायला निघाले होते. बाबांनी दारातच अडवलं. म्हणाले, ‘तुझं शिकून होऊ दे. आत्ता विचारलंस, तर बाई तुझ्या डोळ्यांत बघून पुन्हा शिकवू शकणार नाहीत.’”