खाणीतलं गाऱ्हाणं

चंपाबाईंची सून कड्याच्या मधोमध दोराला लटकली होती आणि काही केल्या खाली येईना.

उत्तनच्या वाटेवरची ती जुनी दगडखाण, चार मजल्यांएवढी उभी. संचिताचे पाय दगडाला टेकलेले, अंग मागे कललेलं, डोक्यावर लाल हेल्मेट. दहा मिनिटं झाली, पाऊल हललं नव्हतं. सकाळपासून इंद्रलोक भागातल्या त्यांच्या सोसायटीच्या सहलीतल्या सहा बायका त्याच दोरावरून खिदळत उतरल्या होत्या. अडकायची ती नेमकी आमच्याच घरची, चंपाबाईंच्या मनात आलं.

"सैल करा, मॅडम! सैल!" खालून ॲशली ओरडला. उत्तनचा हा दाढीवाला गडी, दोराचा सगळा कारभार त्याच्याकडे. कड्यावर त्याची दोन माणसं उभी होती.

"अरे, सैल सोडा की मेल्यांनो!" चंपाबाईंनी वरच्या दोघांवर तोंड टाकलं. "विहिरीत घागर तरी सोडलीय का कधी जन्मात?"

वरचे दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

तिला पाठवलं होतं चंपाबाईंनीच. शेजारची रंजनबेन पदर सावरत म्हणाली होती, "मेरी बहू तो उतर गई. आपकी तो डरती होगी ना?" झालं! चंपाबाईंची शाळा दुसरीत सुटली असेल, पण कुणापुढे मान खाली घालायला त्या शिकल्याच नव्हत्या.

"डरेगी कायको? कोकण की है, झाड पे चढनेवाली," त्या म्हणाल्या. मग सुनेकडे वळून, "जा गं."

संचिता गेली. सहा वर्षांत त्या पोरीनं कशाला नाही म्हटलं नव्हतं. गेल्या आठवड्यातही नाही. पाच वर्षांची नात रत्नागिरीला मनोरमाकडे द्यायची, असं चंपाबाईंनी ठरवलं तेव्हा. मनोरमा त्यांची थोरली लेक, लग्नाला बारा वर्षं झाली तरी ओटी रिकामी. "तुम्हाला दुसरं होईल," चंपाबाई म्हणाल्या आणि विषय मिटवला. मुलगा निकेत खाली बघून बसला. संचितानं पोरीच्या फ्रॉकांच्या घड्या घालून पिशवी भरली. मंगळवारी मनोरमा न्यायला येणार होती. चंपाबाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आता मात्र त्यांचा शब्द कुणी ऐकेना. दगड ऐकेना, दोर ऐकेना.

"वर ओढून घ्या मग!"

"जबरदस्तीनं ओढलं तर दगडावर आपटल, मावशी," ॲशली म्हणाला. "थोडं थांबा."

"थांबा? तुझी आई लटकली असती तर थांबला असतास?"

ॲशलीनं पुन्हा वर हाक दिली, "सैल!"

ऊन चढलं. निकेत हातात मोबाईल घेऊन येरझारा घालत होता. "आई, कुणाला फोन करू?"

"मला काय विचारतोस, मुडद्या? बायको कुणाची?" असं म्हणाल्या खऱ्या, पण त्यांनाही काही सुचेना. घरात कुणाचं पोट दुखलं तरी ओवा किती द्यायचा हे ठाऊक असलेली बाई. इथे दोन्ही हात असून नसल्यासारखे.

छोटी संजना त्यांच्या लुगड्याला धरून रडायला लागली. "आजी, आईला खाली आण ना."

चंपाबाईंनी डोळे मिटले. "देवा, पाच नारळ देईन."

संचिता तशीच.

"गावच्या राखणदाराला कोंबडा देईन."

ती तशीच.

सोसायटीत तळमजल्यावर राहणारे धर्माजी पुढे आले. गावात सगळ्यांच्या वतीनं देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. हळूच म्हणाले, "वहिनी, नारळ-कोंबड्यानं भागायचं नाही हे. घरात काही चुकलं असेल तर देवापुढे बोलून मोकळ्या व्हा."

"माझं काय चुकणार?" त्या फणकारल्या. मग त्यांनी खाली बघितलं. नात वर बघत होती, वरची खाली बघत होती. मधे नुसती हवा.

 चंपाबाईंनी पदर खांद्यावरून घेतला, सगळ्या सोसायटीदेखत, रंजनबेनच्या देखत, हात जोडले आणि खणखणीत आवाज लावला.

"बा देवा भैरी म्हाराजा! आज तुझी लेकरं गावापासनं लांब उभी आहेत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" धर्माजी आणि कोकणातली दहा-बारा माणसं एका दमात म्हणाली.

"मी आईपासनं लेकरू तोडायला निघाले होते. चुकले रे म्हाराजा! संजना कुठे जाणार नाही. ती आईपाशीच वाढेल. मनोरमाला मी समजावीन. हा शब्द फिरवला तर माझी जीभ झडो. पण ही पोर सुखरूप भुईला लाव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

खाणीनं तो आवाज दोनदा परत केला.

आणि संचिता हलली. एक पाऊल, मग दुसरं. घरचा जिना उतरावा तशी खाली आली. ॲशलीनं कमरेचा पट्टा सोडला. तिनं वाकून सासूच्या पायांना हात लावला, संजनाला कडेवर घेतलं आणि पाण्याच्या पिंपाकडे चालू लागली.

चंपाबाईंनी पदरानं डोळे पुसले. "भैरी पावला गं बाई!" रंजनबेननंही हात जोडले होते.

मग त्या ॲशलीकडे वळल्या. आवाज पूर्ववत झाला होता. "आणि तू रे? असले सडके दोर घेऊन बायांच्या जिवाशी खेळतोस? वरचे तुझे दोघं सोडायचं विसरले की झोपले होते?"

ॲशली दोर गुंडाळत होता. त्यानं पिंपाकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला.

"वरून दोर कोन सोडीत न्हाय, मावशी. उतरनारीच्याच मुठीत असते ते. मूठ सैल केली तर खाली, आवळली तर तिथंच."