मास्तरांचे दोन शब्द

"मास्तर, आता दोन शब्द बोला," असं म्हणून सत्कार समितीच्या सचिवांनी माइक त्यांच्या हातात दिला, आणि पहिल्या रांगेत बसलेली त्यांची मुलगी खुर्चीच्या अगदी कडेवर आली.

तिने सचिवांना परोपरीने बजावलं होतं. सत्कार करा, फुलं द्या, टाळ्या वाजवा, पण बोलायला लावू नका. सचिव माणूस भला. पण भाषणाच्या भरात विसरून गेले. आता सगळं सभागृह कानात प्राण आणून बसलं होतं. मास्तरांनी ज्यांना ज्यांना गाणं शिकवलं, ती ही माणसं. कुणी नावाजलेले गायक झाले होते, कुणी बँकेत चिकटले होते, कुणाला नातवंडं झाली होती.

मास्तरांनी माइक तोंडाशी नेला.

"नाही," ते म्हणाले. मग जोर लावून, "नाही, नाही. नाही नाही!"

मागे कुणीतरी हसलं. मास्तरांचा विनय, असं वाटलं असावं. मग हसू विरलं.

मेंदूत गुठळी झाली, तेव्हापासून मास्तरांकडे हा एकच शब्द उरला होता. कळायचं सगळं, पण बोलायला गेलं की तेवढंच बाहेर पडायचं. चहा हवा असला तरी नाही, नको असला तरी नाही. मुलगी सकाळी त्यांचं सगळं आवरून चष्म्याचं दुकान उघडायची, दुपारी धापा टाकत घरी यायची आणि उभ्या उभ्या त्यांना भरवून पुन्हा दुकान गाठायची. तिने घास पुढे केला की ते तिचं मनगट घट्ट धरत, डोळ्यांत डोळे घालत आणि ओरडत, "नाही! नाही नाही!"

"जेवायला तर हवंच ना, बाबा," ती म्हणायची. बाकीचं मनात गिळायची. माझ्या हातचं यांना नकोच आहे, हे तिने धरूनच ठेवलं होतं. शाळेत असताना भर वर्गात त्यांनी तिच्या सुरावरून तिला इतकं झापलं होतं की तिने गाण्याच्या नावाने कानाला खडा लावला. त्यानंतर ती भांडी घासतानासुद्धा कधी गुणगुणली नाही. बापलेकीत बोलणं होतं, पण कामापुरतं.

वाचा परत यावी म्हणून घरी व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई सांगून सांगून थकल्या होत्या. "बोलणं गेलं तरी गाणं कधी कधी शिल्लक राहतं. त्यांच्याबरोबर गाऊन बघा. शब्द सुराला धरून बाहेर येतात."

मुलीने विद्यार्थ्यांना बोलावलं. ते गायला लागले की मास्तर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. "तुम्ही स्वतः गा हो," बाई म्हणाल्या. "मी?" ती हसली होती. "बाई, मी गायले तर आहे तो शब्दही जाईल त्यांचा."

आता मास्तर व्यासपीठावर एकटे उभे होते. मान लाल झाली होती. "नाही," ते पुन्हा म्हणाले, या वेळी अगदी हळू.

ती उठली. त्यांना हाताला धरून खाली आणायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. पण मास्तर माइक सोडेनात. तिने एक एक बोट सोडवायला घेतलं, तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. ते विनवत होते. काय विनवत होते, ते तिला कळेना. माणसाला एवढ्या लोकांसमोर असं उघडं सोडून कसं खाली उतरायचं, हेही कळेना.

मग तिने तोंड उघडलं आणि मास्तर प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या दिवशी शिकवत, ती त्यांनी स्वतःच रचलेली ओळ धरली.

"उजाडलं गं, दार उघड, पाखरू बोललं..."

आवाज फाटला. सूर कुठल्या कुठे गेला. समोर बसलेल्या गवयांच्या उंचावलेल्या भुवया तिने पाहिल्या आणि न पाहिल्यासारखं केलं. ती थांबली नाही. तीच ओळ पुन्हा घेतली.

मास्तरांचा हात वर उठला. तिला वाटलं, आता गप्प बसवतील. पण हात हवेत हळूच वर सरकला. सूर अजून थोडा वर आहे, इकडे ये, असं दाखवत. आणि तिच्या फाटक्या आवाजाखाली एक जाड, खोल आवाज येऊन उभा राहिला.

"उजाडलं गं... दार उघड... पाखरू बोललं."

एकेक शब्द स्वच्छ. सचिवांनी तोंडावर हात ठेवला. दुसऱ्यांदा सबंध सभागृह त्यांच्याबरोबर गायलं. बँकवाले, आजीबाई, मोठे गायक, सगळे पहिल्या दिवशीच्या मुलांसारखे. मुलगी मात्र गात नव्हती. तिला हुंदका आवरत नव्हता.

गाणं संपलं. टाळ्या सुरू होणार तेवढ्यात मास्तरांनी हात करून सगळ्यांना थांबवलं. माइक बाजूला ठेवला. ते मुलीकडे वळले आणि नेहमीसारखं तिचं मनगट घट्ट धरलं. कपाळावर आठ्या पडल्या. ओठ हलले, अडले, पुन्हा हलले. शेवटी त्यांनी तीच चाल धरली आणि इतके महिने रोज दुपारी तिच्यापाशी ओरडून ओरडून जे सांगत होते, ते गाऊन सांगितलं.

"दमलीस गं, पोरी माझी, बस जरा आता."