राणीछाप

इंग्रजांच्या काळातली तीनशे नाणी खुशालने जमवली होती, पण एकावरही त्याने बोटाचा ठसा उमटू दिला नव्हता. सुईण अनुसयाबाईंचा राणीछाप रुपयाही त्याने हातमोजे घालूनच भिंगाखाली धरला. राणीचं नाक नाही, साल नाही, नुसती गुळगुळीत चांदी.

"याले काई मोल नाई, आजी. इतका झिजवला कोनं?"

"तुमीच साऱ्यायनं! दवनीवाड्यात ज्या लेकराची बेंबी फुगली, त्याच्या पोटावर मी हाच रुपया बांधला. तुह्या पोटावर तं तीन महिने होता."

खुशालने हातमोजे काढले. रुपया उघड्या तळहातावर घेतला, मुठीत धरला आणि हळूच विचारलं, "मले देशील का?"

"तुले देला, तं उमेंद्रच्या तान्ह्या लेकीले काय बांधू?"